वीस मिनिटांचं कारण

अमरावती
२१ मार्च २०१८

शाहीन,

तू मले ब्लॉक केलं, म्हणून हे पोस्टानं. फोन लागत नाही, मेसेजवर एकच टिक येते, मेल कुठं जाते देव जाणे. आज पोस्टात जाऊन पाकिटं आणली, तर खिडकीतला माणूस म्हणे, मॅडम, राखीले अजून लई वेळ आहे. आता पत्र लिहिणारी बाई दिसली की लोकायले राखीच आठवते.

कंपनीचं नकाराचं मेल तुले आलं असेल. ते मीच लिहिलं. माणसं नेमायचं काम माह्याकडे आहे, तर दुसरं कोण लिहीन? पण ते ऑफिसच्या गुळगुळीत इंग्रजीत होतं. हे आपल्या भाषेत लिहून राहिली.

आधी सांगून टाकते, जागा भरली. सीनिअर बॅकएंड इंजिनिअर म्हणून सहदेव नावाचा माणूस घेतला. आपल्या अकोल्याचाच आहे, पण आठ वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत होता. माय-बाप थकले म्हणून इकडे येऊन राहिला. पाच जणांनी मिळून ठरवलं, त्या पाचातली मी एक. एकटीच्या हातात काही नसते, हे तुले समजायले पाहिजे.

आता माह्या मनातलं. मले तुहा राग आला आहे. तुले माहा आला तसाच.

अकोटाहून तुले मीच बोलावलं. म्हटलं, जागा निघाली, तुहीच आहे, मुलाखत नुसती नावाले, ये. अब्बाले लकवा मारला म्हणून सव्वा वर्ष घरी बसली, तर काय तुह्यं डोकं गंजलं थोडंच. हे सगळं उभं तर तूच केलं, त्या मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत. दोन खुर्च्या आन् एक टेबलपंखा होता तवा. बॅकएंड म्हणजे काय ते मले तूच समजावलं होतं. गिऱ्हाइकाले दिसते ते ताट, आन् आपण करतो ती मागची चूल. घरपोच जेवणाची ऑर्डर कोणत्या रायडरच्या नावावर टाकायची, उशीर कधी धरायचा, कधी नाही, हे सगळं चुलीपाशी ठरते.

त्या दिवशी महिला दिन होता. दारातच तुले गुलाबाचं फूल दिलं, तू ते पर्समध्ये उलटं खोसलं. आत सायब, पैसे लावणाऱ्यायचे पुण्याहून आलेले दोघं, दिवाळीनंतर आलेला ऑपरेशनवाला, आन् मी. भिंतीवरच्या पडद्यावर तुह्याच हातचं प्रोग्रामचं काम लावलं. ते तुह्यं आहे हे पुणेवाल्यायले माहीत नव्हतं. सायबाले माहीत होतं, पण सायब फोनमध्ये होता. पुण्याचा चश्मेवाला म्हणे, "यात चूक काय ते सांगा. वर्षातले एकतीस दिवस, संध्याकाळी वीस मिनिटं, नवी ऑर्डर कोणालाच जात नाही. हातात असलेल्या ऑर्डरचा उशीर मोजला जात नाही. आणि ही वेळ रोज थोडी थोडी सरकते. हे काय आहे?"

तू म्हटलं, "चूक नाही. मुद्दाम ठेवलं आहे."

"कारण?"

"कारण तिथंच लिहून ठेवायला पाहिजे होतं. तेवढी माझी चूक."

दुसरा हसला. "कोणाच्या सणाची सोय तर नाही ना केली?" मग सगळेच थोडं थोडं हसले. तू माह्याकडे पाहिलं. मी पाणी पिऊन राहिली होती.

त्याच्यानंतर तू काही म्हणता काही बोलली नाही. एक वाक्य बोलली असती तर काय बिघडत होतं? की बाप्पा, रमजानात रोजा सोडायची वेळ आहे ती, उन्हातान्हात फिरणाऱ्या रायडर लोकायसाठी ठेवली. झालं. विषय मिटला असता. पण नाही, तू आपली नाक वर करून बसली. दोन मिनिटांनी उठली, पाचही जणायले थँक्यू म्हटलं आन् गेली. मी जिन्यापर्यंत तुह्या मागं आली होती. तू थांबली नाही.

अशानं कोण घेते सांग नोकरीवर?

प्राजक्ता

ता.क. अब्बाले माहा सलाम सांग. कापसाची जीन सुरू झाली का अकोटची, का बंदच आहे?


अमरावती
२० एप्रिल २०१८

शाहीन,

महिना झाला. उत्तर नाही. पत्र परत पण आलं नाही, म्हणजे पोचलं. म्हणजे तू वाचून चूप आहे. आधीसारखीच.

सहदेव रुजू झाला. हुशार आहे, नाही म्हणता येत नाही. मान खाली घालून काम करते, चहाले पण स्वतः उठून जाते. बोलते मात्र पुण्याचं. मी "काय करून राहिले?" म्हटलं तर तो "करतोय" म्हणते. अकोल्याचा माणूस आठ वर्षांत एवढा धुऊन निघते, पाहून नवल वाटते.

त्यानं तुही वीस मिनिटं काढून टाकली. कोणाले विचारलं नाही, पुसलं नाही. मले तर नंतर समजलं.

तुले वाटत असेल, प्राजक्तीले काय झालं होतं मुलाखतीत, ती काहून नाही बोलली? सांगते. आदल्या दिवशी सायबानं मले केबिनमध्ये बोलावलं. म्हणे, ती शाहीन तुमची मैत्रीण ना? मग तुम्ही तिची बाजू घेऊ नका, पुणेवाल्यायसमोर बरं नाही दिसत. पुणेवाल्यायचे पैसे येणार होते, आन् आले की अर्धे लोक बदलणार, असं सगळं ऑफिस कुजबुजून राहिलं होतं. आता तूच सांग. दर्यापूरकडच्या आमच्या वावरात बोंडअळीनं एक बोंड सोडलं नाही. बाबानं दिवाळीनंतर उभ्या कपाशीत मेंढरं सोडली. घरात पगार आणणारी मी एकटी. मी काय भिंतीवर डोकं आपटू?

या बोंडअळीनं आपल्या कंपनीचं मात्र भलं केलं. मागच्या आठवड्यात रायडरच्या तीन जागा काढल्या, तर सत्तावन्न पोरं आली. बारावी झालेले, बीए झालेले, एक तर कृषी पदविकावाला. एकजण म्हणे, मॅडम, वखर मोडून गाडीत पेट्रोल टाकलं, आता घ्याच मले. बंडू त्याचं नाव. त्याले घेतलं. ऑपरेशनवाला खिडकीतून ती रांग पाहून म्हणे, रायडरची चिंताच नाही आता, एक गेला तर दहा उभे आहेत. मले त्याच्या तोंडात मारावं वाटलं. पण मी हसली. पगारात आता हसणं पण धरलेलं आहे.

रमजान पुढच्या महिन्यात सतराच्या आसपास लागते, कॅलेंडरात पाहिलं. ऊन आतापासूनच त्रेचाळीसवर गेलं.

तू काही लिहिणार नाही, मले माहीत आहे. तरी लिहून राहिली.

प्राजक्ता


अमरावती
२९ मे २०१८

शाहीन,

आज आपल्या जुन्या रायडरची, वकारभाईची, आयडी बंद झाली. आयडी बंद म्हणजे माणूस बंद, हे तुले काय सांगायचं. सकाळी त्याईनं फोन उघडला तर पडद्यावर लाल अक्षरं, आन् ऑर्डर येणं बंद.

दुपारी ऑफिसात आले. बंडू सोबत होता. साठीकडे आलेला माणूस, घामानं शर्ट पाठीले चिकटलेला, रोजा धरलेला. मी पाणी पुढं केलं आन् मग लक्षात आलं, ग्लास परत घेतला. ते हसले. म्हणे, "राहू द्या मॅडम, सवयीनं केलं तुमी."

मी पडद्यावर पाहिलं. महिन्याभरात तीन उशीर. तीन झाले की आयडी आपोआप बंद होते, कोणाले दाबायचंही काम नाही. तिन्ही उशीर संध्याकाळी सातच्या आगेमागे.

"मी पळालो नाही, मॅडम," वकारभाई म्हणे. "बडनेरा रोडच्या त्या पुलियापाशी थांबलो. खजूर खाल्ला, पाणी पिलं, नमाज पढली. ऑर्डर पेटीतच होती, गरम होती. बारा मिनिटं लागली असतील. दोन वर्षं थांबत होतो, कधी उशीर नाही पडला. यंदा काहून पडून राहिला?"

बंडू मधातच बोलला. "मी पण थांबत होतो ना त्याईच्यासोबत. ते खजूर देतात, मी घरचे मुरमुरे नेतो. माहे दोन उशीर झाले, एक राहिला."

मी म्हटलं, सिस्टीम आहे, आपोआप होते, वर बोलून पाहते. वकारभाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "शाहीन बेटीले फोन लावा ना. तिनंच करून ठेवलं होतं काहीतरी. तिले सांगा, बिघडलं वाटते."

तुह्या नंबरवर माहा फोन लागत नाही, हे मी त्याईले कसं सांगू? म्हटलं, लावते. ते गेल्यावर ऑपरेशनवाल्याकडे गेली. तो म्हणे नियम सगळ्यायले सारखा, एकाले सोडलं तर उद्या सगळे मागतीन.

दोन हजार सोळाचा जून तुले आठवत असेल. छेचाळीस डिग्री. हेच वकारभाई रोज्यात राजापेठच्या वळणावर गाडीवरून पडले होते, भोवळ येऊन. कोपर फुटलं, आन् पडल्या पडल्या म्हणत होते, ऑर्डर पहा, सांडली का. मी दवाखान्यात गेली, टाके पडेपर्यंत बसली, आन् परत येऊन जिना चढत चढतच तुले म्हटलं, शाहीन, काही तरी कर, रोजा सोडायच्या टायमाले या लोकायले वीस मिनिटं पाहिजेत, मोठं कोणाले विचारू नको, करून टाक.

तू म्हटलं होतं, करते, पण कोण मुसलमान ते लिहायचा रकाना मी रायडरच्या यादीत टाकणार नाही. थांबायचं तर सगळे थांबतीन. मग वकारभाईच्या खिशातलं ते कापड दुकानवाल्यानं वाटलेलं रोज्याच्या वेळेचं कार्ड मागून घेतलं आन् सगळ्या वेळा त्याच्यावरून भरल्या. चंद्राचा भरवसा नाही म्हणून एक दिवस पुढचा जास्त धरला. आन् अकोटले जायच्या आधी पुढच्या पाच वर्षांच्या तारखा भरून ठेवल्या. कारण कुठंच लिहिलं नाही. खोलीत दोघीच होतो, दोघींलेही माहीत होतं, लिहायचं कोणासाठी?

पाहा, लिहिता लिहिता लिहून गेली मी. वीस मिनिटं मी मागितली होती. तू फक्त केली होती. आता लिहिलंच आहे तर खोडत नाही.

प्राजक्ता


अकोला बसस्थानक
१६ जून २०१८, ईद

शाहीन,

हे पत्र बाकड्यावर बसून लिहून राहिली, अक्षर वाकडं येईल. अमरावतीच्या गाडीले तास आहे.

सकाळी मी अकोटले आली होती. तुह्या गल्लीत आली. किराणा दुकानाच्या सावलीत उभी राहिली, तुह्यं दार समोर. माणसं नवे कपडे घालून येऊन-जाऊन राहिली होती. अब्बाले दारात खुर्चीवर बसवलं होतं, डावा हात मांडीवर ठेवलेला. लोक वाकून उजवा हात हातात घेत होते. तू दोनदा बाहेर आली. मी पाऊण तास उभी होती. हातात मिठाईचा डबा होता. मग पाय निघाले ते बसस्टँडकडे. थेट गाडी गेली होती, म्हणून अकोल्यावरून चालली. डबा शेजारच्या बाईच्या लेकरायले देऊन टाकला.

तोंडानं सांगता आलं नाही ते आता कागदावर.

एप्रिलच्या पत्रात मी तुले खोटं लिहिलं. सहदेवनं विचारलं होतं. मलेच विचारलं होतं. रुजू होऊन आठवडा झाला असेल, माह्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आन् म्हणे, "प्राजक्ता मॅडम, ती वीस मिनिटं काढायला सांगितली आहेत. पण वेळा पाहिल्या तर रोजा सोडायच्या वाटतात. कोणी विचार करून ठेवली असतील. तुम्ही पहिल्यापासून आहात, तुम्हाला माहीत आहे का? कारण असेल तर मी काढत नाही, वर सांगतो."

एवढं सरळ विचारलं त्यानं. मी म्हटलं, "मला नाही माहीत. आधीच्या इंजिनिअरनं ठेवलं असेल आपल्या मनानं."

माह्याच तोंडातून निघालं, शाहीन. आपल्या मनानं. तो "बरं" म्हणून गेला, आन् मी पुढची फाईल उघडली.

काहून म्हटलं तसं? त्यावेळी हो म्हटलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, मग मुलाखतीत काहून नाही सांगितलं? एक गोष्ट झाकायले दुसरी. घाबरट बाईचं असंच असते. बोंडअळी, बाबा, पगार, हे सगळं खरं आहे. पण मी पाणी पित होती तवा मले बाबा आठवले नव्हते. मले फक्त एवढंच वाटलं, की हे लोक तुह्यावर हसून राहिले, आता माह्यावर हसू नयेत.

अजून एक आहे. मुलाखतीनंतर पाचही जणायनं आपापला कागद भरला. चौघायनं तुले कमी मार्क दिले, ठीक आहे, तिघं तुले ओळखत नव्हते आन् सायबाले पुणेवाल्यायचे पैसे पाहिजे होते. मी शेरा लिहिला, "कामाची माहिती चांगली, पण टीममध्ये रुळेल असे वाटत नाही." मी लिहिला. ज्या टीममध्ये तू होती, ती पूर्ण टीम म्हणजे मी होती.

हे सगळं बाहेर कसं आलं, ते पण ऐक. बंडूचा तिसरा उशीर पडायले आला, तसा तो थेट सहदेवकडे गेला. त्याले काय भीती, वखर मोडून आलेला पोरगा. म्हणे, साहेब, वकारभाई सोळा साली पडले तवा याच प्राजक्ता मॅडमनं शाहीन मॅडमले सांगून वीस मिनिटं करून घेतली होती, सगळ्या जुन्या रायडरले माहीत आहे, तुमाले काहून नाही माहीत?

सहदेव माह्याकडे आला. मोठ्यानं बोलला नाही. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

तो मग म्हणे, "त्या मुलाखतीत शाहीनबाईंनी दिलेलं उत्तर, साहेबांकडून ऐकलं ते, बरोबर होतं. मला तोच प्रश्न विचारला होता आणि मी ती वीस मिनिटं काढून टाकतो म्हणालो होतो. म्हणून मला घेतलं." आन् गेला. त्याच दिवशी त्यानं ती वीस मिनिटं परत बसवली, शेजारी कारण लिहिलं, बंडूचे दोन्ही उशीर पुसले आन् वकारभाईची आयडी चालू केली. पण तवा रमजानचे तीन-चार दिवस राहिले होते, आन् वकारभाईनं फोन उचलला नाही.

सहदेव आता सायबाच्या मागं लागला आहे, की अजून एक सीनिअर माणूस घ्या आन् ती शाहीनच घ्या. सायब तयार झाला. पत्र तयार आहे, मुलाखत नाही, काही नाही, या म्हणजे झालं. ते पत्र तुले पाठवायचं काम माह्याकडेच आलं. सोबत ठेवलं आहे. रागानं फाडू नको. मले शिव्या दे, पण ये.

गाडी लागली.

प्राजक्ता


अमरावती
१० जुलै २०१८

शाहीन,

तुह्यं कार्ड मिळालं. पाकीट नाही, अंतर्देशीय नाही, उघडं पोस्टकार्ड. ऑफिसच्या पत्त्यावर. गेटवरच्या वॉचमननं वाचलं, रिसेप्शनवरच्या पोरीनं वाचलं, मग माह्याकडे आलं. तू ते मुद्दाम केलं, मले समजलं. तू झाकून काही लिहीतच नाही.

किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पाठच झालं आहे.

"प्राजक्ता, चारही पत्रं मिळाली. ईदच्या दिवशी तू समोर उभी होती ते अम्मीनं पाहिलं. शीरखुर्म्याची वाटी घेऊन ती दुकानापर्यंत आली, तू निघून गेली होती. मुलाखतीत मी बोलली असती तर मुसलमानानं मुसलमानाची सोय केली असं झालं असतं. तू बोलली असती तर रायडरची सोय झाली असती. म्हणून तुह्याकडे पाहिलं. नोकरी नको. नागपूरच्या एका कंपनीचं काम घरून करते, अब्बाजवळ राहता येते. तुले काही करायचंच असेल तर त्या पाच जणायसमोर खरं सांग. माफी मागू नको, नुसतं सांग. शाहीन."

वकारभाईचं आधी सांगते, कारण तू त्याईचं विचारशील. मी परतवाड्याले जाऊन आली. ते आता परतवाडा ते धारणी जीप चालवतात, पुतण्याची. मी म्हटलं, आयडी चालू झाली, वीस मिनिटं परत आली, तुमी या. ते म्हणे, "नाही मॅडम. आता संध्याकाळच्या, मगरीबच्या नमाजले गाडी मीच थांबवतो. सवाऱ्या पण उतरतात, पाय मोकळे करतात. कोणी लाल अक्षरं दाखवत नाही." मले चहा पाजला. तुह्यं विचारलं. मी म्हटलं बरी आहे. तेवढंच मले माहीत होतं.

काल सोमवारची मीटिंग होती. सायब, ऑपरेशनवाला, सहदेव, आन् पुण्याचे दोघं भिंतीवरच्या पडद्यावर. मी धरून मुलाखतीतले पाचही जण झाले. मी रविवारी घरी बसून लिहून काढलं होतं. आईले वाटलं भाषण आहे. म्हटलं आज नोकरी जाते. दर्यापूरले वावरावर असलेल्या बाबाले फोन करून ठेवला, की काही झालं तर घाबरू नका. बाबा म्हणे, कपाशी गेली तवा नाही घाबरलो.

विषय सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिली. उभं राहायचं काम नव्हतं, पण राहिली. वाचलं. मार्चमध्ये शाहीनच्या मुलाखतीत जी वीस मिनिटं चूक म्हणून दाखवली, ती चूक नव्हती. ती मी मागितली होती, वकारभाई पडले म्हणून. मले कारण माहीत असून मी बोलली नाही. तिच्या कागदावर मी खोटा शेरा लिहिला. सहदेवनं विचारलं तवा मी खोटं बोलली आन् दोष तिच्यावर टाकला. त्याच्यामुळं वकारभाईचं काम गेलं. हे सगळं माह्यं आहे, तिचं नाही. एवढंच वाचलं आन् कागद खाली ठेवला.

ऑपरेशनवाला पेनाचं टोपण लावून राहिला होता. सहदेव टेबलाकडे पाहून राहिला होता. पडद्यावरचा चश्मेवाला म्हणे, "कोण शाहीन?"

सायब म्हणे, "ती आपली जुनी. असू द्या, झालं ते झालं. प्राजक्ता, तेवढी नोंद करून ठेवा. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय होता रायडरले पावसाळ्याचे रेनकोट कोणत्या रंगाचे घ्यायचे. त्याच्यावर पाऊण तास चालला. पिवळा ठरला.

मीटिंग सुटल्यावर मी वाट पाहत बसली. म्हटलं बोलावतीन. चार वाजता सायबाचा मेसेज आला, रेनकोटवाल्याचा नंबर पाठवा म्हणून. पाठवला.

चार महिने, शाहीन. चार महिने मी हे तोंडात धरून बसली. तुले घालवलं, वकारभाईले घालवलं. सांगायले एक मिनिट लागलं, आन् कोणी रागावलं पण नाही. तुले लिहायले लाज वाटते, पण तू खरं सांग म्हटलं आहे म्हणून लिहिते. माही नोकरी शाबूत आहे.

प्राजक्ता